पूर अंगावर घेणारे वन : भीमा-सीनेच्या काठचा झाडोरा समजून घेताना

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेला महापूर ओसरल्यानंतर काही दिवसांनी दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका शिवारात नदीकाठाने चालत गेलो होतो. एका ठिकाणी उसाच्या फडाची कडच नदीत उतरली होती. सुरीने कापावी तशी काळ्या मातीची उभी दरड, तिच्या माथ्यावर मुळांसकट अधांतरी लोंबणारे उसाचे दोन ठोंब आणि मातीतून बाहेर येऊन वाऱ्यावर हेलकावणारी ठिबकची काळी नळी. तेथून शे-दीडशे पावलांवर, नदीच्या त्याच वळणावर, करंजाची सहा-सात जुनी झाडे आणि एक उंबर उभा होता. पाणी तेथूनही गेले होते. खोडांवर पुरुषभर उंचीपर्यंत गाळाचा राखाडी पट्टा उमटला होता आणि खालच्या फांद्यांत कडबा, पाचट आणि प्लॅस्टिक अडकून बसले होते. काठ मात्र जागेवर होता. उंबराची मनगटाएवढी जाड मुळे दरडीच्या अंगावरून खाली उतरून गाळात शिरलेली स्पष्ट दिसत होती आणि त्यांच्यामधल्या बारीक मुळांच्या जाळ्यात माती घट्ट धरलेली होती.

एकच नदी, एकच पूर, एकच माती. तरीही एक काठ गेला आणि एक राहिला. असे का होते, हे समजण्यासाठी नदी, तिच्या काठची जमीन आणि त्या जमिनीवरचा झाडोरा या तिन्ही गोष्टींकडे एकत्र पाहावे लागते.

नदी म्हणजे उन्हाळ्यात दिसणारी पाण्याची धार नव्हे. पावसाळ्यात ती पात्र सोडून दोन्ही बाजूंना पसरते आणि ज्या सपाट जमिनीवर पसरते, ती जमीनही तिनेच शतकानुशतके गाळ टाकून घडवलेली असते. या सपाटीला भूगोलाच्या पुस्तकात पूरमैदान म्हणतात. आपल्याकडे शेतकरी तिला मळी किंवा मळईची जमीन म्हणतात आणि ती कसदार का असते, हेही त्यांना ठाऊक असते. पूरमैदान हा नदीच्या देहाचाच भाग आहे, ती वर्षातले काही दिवस वापरते आणि उरलेले दिवस रिकामा ठेवते, एवढाच फरक. शासकीय नकाशांवरही हे मान्य केलेले आहे. निळी पूररेषा सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांच्या मधल्या भागात ते नियंत्रित असते. येथे एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ यंदा पूर आला म्हणजे पुढची चोवीस वर्षे निश्चिंती, असा नाही. त्याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता, एवढाच आहे. सोलापूर जिल्ह्याने ऑक्टोबर २०२० मध्ये मोठा पूर पाहिला आणि पाचच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, सीनेकाठच्या गावांनी पुन्हा पाहिला.

आता झाडांकडे वळू. बहुतेक झाडे पुरात बुडाली तर मरतात, आणि ती मरतात ती पाणी जास्त झाले म्हणून नव्हे, तर मुळांचा श्वास कोंडला म्हणून. मुळेही श्वसन करतात आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळतो. पूर आला की ही पोकळी पाण्याने भरते. पाण्यातून प्राणवायू सरकण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारपट कमी असतो, त्यामुळे मातीत उरलेला प्राणवायू जिवाणू आणि मुळे मिळून थोड्याच काळात संपवतात. त्यानंतर मुळांना अन्नातून ऊर्जा नीट काढता येत नाही, ती पाणी शोषणे कमी करतात आणि गुडघाभर पाण्यात उभे असलेले झाड पाने सुकल्यासारखे दिसू लागते. पेरूच्या किंवा पपईच्या बागेत पाणी तुंबले की काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

नदीकाठची झाडे यातून वाट काढतात. काहींच्या मुळांत आणि खोडाच्या खालच्या भागात हवेच्या पोकळ नळ्यांसारखी ऊती तयार होते आणि वरून घेतलेली हवा तिच्यातून बुडालेल्या मुळांपर्यंत पोहोचते. काहींच्या खोडावर पाण्याच्या पातळीलगत नवी मुळे फुटतात. वाळुंजाचे खोड पुरानंतर पाहिले तर त्यावर दाढीसारखे लालसर मुळांचे झुबके दिसतात. काही झाडे पूर असेपर्यंत वाढ थांबवून निपचित राहतात आणि पाणी उतरताच पालवतात. शेरणीसारखी झुडपे प्रवाहाला विरोधच करत नाहीत. लवचिक फांद्या पाण्याबरोबर आडव्या होतात आणि मुळे मात्र खडकाच्या फटीत रुतून राहतात.

म्हणूनच नदीकाठचे वन एकसारखे नसते, ते पट्ट्यापट्ट्यांनी बदलते. युरोपातील वनशास्त्रज्ञ तेथील पूरवनाचे दोन ठळक भाग करतात. पाण्याच्या अगदी जवळ, वारंवार बुडणाऱ्या जागी मऊ लाकडाची, झटपट वाढणारी विलो-पॉप्लरची झाडे आणि थोड्या उंचावर, क्वचित बुडणाऱ्या जागी ओक, अॅश, एल्म यांसारखी कठीण लाकडाची, सावकाश वाढणारी झाडे. आपल्याकडची नावे वेगळी आहेत, पण क्रम तसाच आहे. प्रवाहात आणि खडकांत शेरणी. ओल्या गाळात पाणकणीस, लव्हाळा आणि वाळुंज. काठाच्या उतारावर करंज, उंबर, जांभूळ आणि अर्जुन. त्याच्या वरच्या सपाटीवर बाभूळ. आणि पूर क्वचितच पोहोचतो तेथे कडुनिंब, चिंच, वड. अर्ध्या मीटरच्या उंचीनेसुद्धा वर्षातले बुडण्याचे दिवस बदलतात आणि त्याबरोबर झाडेही बदलतात. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात एकाच ट्रॉलीतून आलेली एकाच जातीची रोपे काठापासून रस्त्यापर्यंत ओळीत लावली जातात, तेव्हा नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

पूर हा या वनाचा शत्रू नाही, ही गोष्ट पटायला जड जाते. १९८९ मध्ये युंक, बेली आणि स्पार्क्स या तीन शास्त्रज्ञांनी पुराच्या स्पंदनाची संकल्पना मांडली. मोठ्या नद्यांमध्ये जीवसृष्टीची समृद्धी मुख्यतः नदी आणि पूरमैदान यांच्यात दर वर्षी होणाऱ्या पाण्याच्या देवघेवीतून येते, असे त्यांचे म्हणणे होते. पाणी पसरते तेव्हा मासे उथळ, उबदार पाण्यात अंडी घालतात, गाळ आणि बिया नव्या जागी पोहोचतात; पाणी उतरते तेव्हा मागे ओलसर, सुपीक आणि मुख्य म्हणजे मोकळी, भरपूर उजेडाची जमीन राहते, जिच्यात वाळुंज किंवा बाभळीचे बी उगवू शकते. पूर बंद झाला की जुनी झाडे काही दशके तग धरतात, पण त्यांच्या खाली त्यांची पिल्ले दिसेनाशी होतात. काठावर फक्त म्हातारी करंजे उरली असतील आणि हाताएवढे एकही रोप नसेल, तर ते वन जिवंत दिसले तरी त्याचा वंश थांबलेला आहे, असे समजावे.

भीमेवर हे स्पंदन आता माणसाच्या हाती आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत साठा आहे. भीमाशंकरच्या बाजूने आणि पुण्याकडून येणारे पाणी आधी या जलाशयात थांबते आणि त्याबरोबर येणारा गाळही बराचसा तेथेच बसतो. खाली सोडलेले पाणी तुलनेने स्वच्छ असते, आणि गाळ नसलेल्या पाण्याला वाहून नेण्याची ताकद शिल्लक असते. ती ताकद ते तळ आणि काठ खाण्यात वापरते. शिवाय नीरा ही नदी उजनीच्या खाली नरसिंहपूरजवळ भीमेला मिळत असल्याने वीर धरणाचा विसर्गही पंढरपूरला येऊन पोहोचतो. सोलापूर शहराला पिण्यासाठी औज-टाकळीच्या दिशेने नदीतून आवर्तन सोडले जाते, तेव्हा भर उन्हाळ्यात पात्र भरते आणि काही दिवसांत पुन्हा रिते होते. मानवी गरज म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण काठच्या रोपांच्या दृष्टीने हे ऋतू सोडून आलेले पाणी आहे.

काठ कधी तुटतो, याबद्दलही थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सोलापूरच्या काळ्या मातीत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पूर चढत असताना पाण्याचा दाब काठाला बाहेरून टेकू देत असतो. काठाची माती तोवर पाणी पिऊन जड होते. मग पाणी उतरते. ते सावकाश उतरले तर मातीतले पाणीही हळूहळू नदीत झिरपून जाते. ते भराभर उतरले, विशेषतः वरचे दरवाजे एकदम खाली केल्यामुळे, तर बाहेरचा टेकू निघून जातो आणि आतली माती मात्र अजून पाण्याने फुगलेली आणि निसरडी असते. अशा वेळी काठाचा मोठा तुकडा आपल्याच वजनाने सुटून खाली बसतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि या भेगा काठाला समांतर असतील, तर तुटण्याची रेषा आधीच आखलेली असते. म्हणूनच कितीतरी शेतकरी सांगतात की पूर होता तेव्हा बांध शाबूत होता, तो गेला पूर गेल्यानंतर. झाडांची मुळे येथे दोन कामे करतात. जाड मुळे त्या तुटण्याच्या रेषेला आडवी जाऊन सळईसारखी धरून ठेवतात आणि पाने वर्षभर मातीतले पाणी ओढून काढत असल्याने काठ मुळातच कमी ओला राहतो. उसाची मुळे उथळ असतात आणि काठालगतच्या उसाला तर आपण बाहेरून पाणी देत असतो.

या वनाचे आणखी एक काम डोळ्यांना दिसत नाही. उसाला दिलेल्या युरियातले सगळे नत्र पिकाला मिळत नाही. बरेचसे नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर जमिनीखालून नदीकडे सरकते. वाटेत त्याला झाडोऱ्याचा ओलसर, पाल्यापाचोळ्याने भरलेला पट्टा लागला, तर तेथील प्राणवायूविरहित मातीतले जिवाणू नायट्रेटचे रूपांतर नत्रवायूत करतात आणि तो हवेत निघून जातो. पट्टा नसेल तर तेच नत्र नदीत उतरते आणि जलपर्णीच्या हिरव्या गालिच्याच्या रूपाने आपल्याला परत दिसते. लहान प्रवाहांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित सूर असा आहे की पाण्याची गुणवत्ता आणि प्रवाहातील जीवसृष्टी राखायची तर दोन्ही बाजूंना सुमारे ३० मीटर, म्हणजे जवळपास शंभर फूट रुंदीचा पट्टा लागतो. हा आकडा कागदावर सोपा वाटतो. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीची २०० फूट बाजू नदीकडे आहे, त्याच्यासाठी तो सुमारे १८ गुंठ्यांचा प्रश्न आहे. तेवढी जागा सोडायला सांगणाऱ्याने त्या गुंठ्यांच्या उत्पन्नाबद्दलही बोलले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

आज भीमा-सीनेच्या काठावर प्रत्यक्षात काय आहे? मैलोन् मैल वेडी बाभूळ, म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, आणि ओढ्याच्या तोंडाशी बेशरम. मूळची अमेरिका खंडातली ही बाभूळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली गेली. शेळ्या-मेंढ्या तिच्या गोड शेंगा खातात आणि न पचलेले बी लेंड्यांतून सर्वदूर टाकतात. तिची दाट जाळी एकदा बसली की खाली गावठी बाभूळ किंवा करंजाचे रोप वर येत नाही. तिच्या बाजूनेही बोलले पाहिजे: उघड्या पडलेल्या काठाला आज तीच धरून आहे आणि कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटते. म्हणून जेसीबी लावून एका दिवसात दोन किलोमीटर काठ मोकळा करणे हा उपाय नाही, ती नवी आपत्ती आहे. तिला जमिनीलगत कापूनही उपयोग नाही. उसाचा खोडवा फुटावा तशी ती दुप्पट जोमाने फुटते, कारण तिचे फुटण्याचे डोळे जमिनीखाली मुळाच्या माथ्यावर असतात. माती वीतभर खाली उकरून, त्या डोळ्यांच्या खाली खोड तोडावे लागते. हे काम काठाच्या उतारावर न करता आधी वरच्या सपाटीवर, लहान लहान तुकड्यांत करावे, तेथे स्थानिक झाडे रुजली की मगच पुढचा तुकडा घ्यावा आणि प्रत्यक्ष दरडीवरची झाडे सगळ्यात शेवटी काढावीत.

वनव्यवस्थापनात एखाद्या वनाच्या तुकड्याकडे एक कुटुंब म्हणून पाहतात. त्यात किती वयाची झाडे आहेत, कोणाला उजेड हवा, कोण कोणाला दाबते, पुढची पिढी कोठून येणार, हे प्रश्न आधी विचारले जातात आणि लागवड नंतर येते. गावठी बाभळीचेच पाहा. औतापासून बैलगाडीच्या आऱ्यापर्यंत सोलापूरच्या शेतीला तिने लाकूड पुरवले. तिच्या शेंगा शेळ्यांचा उन्हाळी खुराक आहेत. तिच्या मुळांवरच्या गाठी जमिनीत नत्र साठवतात. आणि मोठी झालेली बाभूळ पावसाळ्यातले काही आठवडे पाण्यात उभी राहू शकते. पण तिला उजेडाची भूक फार. सावलीत तिचे रोप जगत नाही आणि तोडल्यावर तिच्या खुंटाला भरवशाची फूट येत नाही. त्यामुळे बाभूळबन टिकवायचे तर मोठ्या झाडांच्या मध्ये मोकळ्या जागा ठेवणे, तेथे बी रुजू देणे आणि रोपे शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत तेवढ्याच जागेवर चराईबंदी पाळणे, हाच मार्ग उरतो. शेळीच्या वाड्यातून गोळा केलेले बी लवकर उगवते, कारण तिच्या पोटातून जाताना त्याचे कठीण कवच मऊ झालेले असते. ज्या शेळीपासून रोप राखायचे तिच्याकडूनच बी घ्यायचे. रोपे दाट उगवली की काही वर्षांनी विरळणी करून कमकुवत झाडे काढावीत. ती काढलेली झाडे म्हणजेच शेतकऱ्याचे सरपण आणि शेळ्यांसाठी कुंपणाचे काटे.

करंजाचे गणित याहून सोपे आहे. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, ताजे बी थेट टोकले तरी उगवते. वाळुंज आणि उंबर फांदीच्या छाटापासून लागतात.

लागवडीच्या वेळेबद्दल मात्र आपल्या जिल्ह्याला वेगळा विचार करावा लागेल. सोलापूरचा वार्षिक पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्याचा जोर सप्टेंबरात. भीमेचा पूर बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीतल्या पावसाने येतो. सीनेचा मोठा पूर अहिल्यानगर आणि धाराशिवच्या बाजूला परतीच्या दिवसांत पाऊस झाला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. दक्षिण सोलापूरमधील हत्तरसंग कुडल येथे, जेथे शके ९४० चा मराठी शिलालेख आहे त्या संगमावर, दोन्ही नद्या एकाच वेळी चढल्या तर सीनेच्या पाण्याला पुढे जागा मिळत नाही आणि तिचा फुगवटा मागच्या गावांत शिरतो. वनमहोत्सवाच्या जुलैमध्ये सीनेकाठी लावलेले वीतभर रोप पूर येतो तेव्हा दोन-अडीच महिन्यांचे असते. ते टिकले नाही तर दोष त्या रोपाचा किंवा गावकऱ्यांचा नसतो. पूर ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओल्या गाळात छाट आणि बी लावावे, थंडीत मुळे खाली जाऊ द्यावीत आणि पहिला उन्हाळा काठावरच्या मोटारीच्या पाण्यावर काढावा, हे मला येथे अधिक शहाणपणाचे वाटते.

झाडे कोठे नसावीत, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. झाडोरा पाण्याचा वेग कमी करतो, म्हणजेच तेथील पातळी थोडी वाढवतो. मोकळ्या पूरमैदानावर हे हिताचे असते, कारण पाणी पसरून थांबते आणि खालच्या गावातला पुराचा शेंडा थोडा खाली येतो. पुलाच्या कमानींपुढे, बंधाऱ्याच्या तोंडाशी किंवा गावाला लागून पात्र अरुंद होते तेथे तोच झाडोरा पाणी गावात ढकलू शकतो. नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पुरात सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले. त्यानंतर त्या देशाने बांध उंच करत बसण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा परत दिली, बांध मागे घेतले आणि बुजलेले प्रवाह मोकळे केले. तेथेही पूरमैदानावर वन वाढू देतात, पण प्रवाहाच्या मुख्य वाटेवर ते फार दाट झाले तर काही भाग ठराविक काळाने मोकळा करून पुन्हा नव्याने वाढू देण्याचा विचार त्यांनी स्वीकारला आहे. दुसरी सावधगिरी आपल्या अगदी घरची आहे. नान्नजचा माळ हा गवताचा आहे, १९७९ पासून तो माळढोकासाठी राखलेला आहे, आणि गवताळ माळावर झाडे दाटली तर माळढोक तेथे राहत नाही. जिल्ह्याचे वनाच्छादन एक टक्काही भरत नाही, म्हणून दिसेल त्या मोकळ्या जागेवर खड्डे घेतले जातात. माळ हा माळ राहावा आणि नदीकाठ हा नदीकाठ व्हावा. झाडांची भूक आहे ती खाली, पाण्यालगत.

वाळूचेही येथेच सांगितले पाहिजे. पंढरपूरचे वाळवंट ज्यांनी लहानपणी अनवाणी तुडवले आहे, त्यांना भीमेची वाळू म्हणजे काय होती हे माहीत आहे. ती वाळू म्हणजे नदीचा पाणी धरून ठेवणारा स्पंज. उपसा होऊन तळ खाली गेला की काठच्या भूजलाची पातळीही त्याच्या मागोमाग खाली जाते आणि तीस-चाळीस वर्षे एका खोलीपर्यंत पोहोचलेली मुळे एकाएकी कोरडी पडतात. काठ आधीपेक्षा उंच आणि उभा होतो, तो पुन्हा तुटतो. अशा काठावर कितीही उत्तम रोपे लावली तरी ती टिकणार नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटी मी त्या वळणावर पुन्हा गेलो. फडाचा मालक तुटलेल्या दरडीपाशी उभा होता. पुराने खाली टाकलेल्या गाळावर, उंबराच्या पलीकडच्या उजेडात, बाभळीची बोटभर उंचीची रोपे उगवली होती. मी मोजायला लागलो आणि चाळीसवर सोडून दिली. त्यांनी विचारले, “हे काढून टाकू का? उन्हाळ्यात पुन्हा ऊस लावायचा म्हणतोय.” आम्ही दोघांनी मिळून दरडीपासून पावले टाकली. तीस पावलांवर एक दगड ठेवला. त्यांना तेवढे जास्त वाटले. मग दगड उचलून त्यांनी तो अठराव्या पावलावर आणला आणि म्हणाले, “एवढं सोडतो. शेळ्यांचं मात्र गावाला सांगावं लागंल.” दुसऱ्या दिवशी वेड्या बाभळीचे काटे तोडून त्यांनी त्या चाळीस रोपांभोवती कुडण घातले.